ताटांची चकाकी आणि सरोवराचें पाणी

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यांत, पूर्वेकडील सीमेजवळ, स्पोकेन नांवाचें शहर आहे. तेथून शेजारच्या आयडाहो राज्याची हद्द मोटारीनें अर्ध्या तासाच्या आंत लागते. २००८ च्या जुलै महिन्यानंतर या रस्त्यावर एक चमत्कारिक रहदारी सुरू झाली. शहरांतील सुखवस्तु कुटुंबांतील मंडळी हद्द ओलांडून जात, पलीकडच्या दुकानांतून एका विशिष्ट पुडीचे खोके विकत घेत, आणि ते मोटारींत भरून घरीं परत येत. ती पूड कांहीं अफूची नव्हती. भांडीं धुण्याच्या यंत्रांत घालावयाची ती पूड होती. स्पोकेन परगण्यांत तिची विक्री कायद्यानें बंद झाली होती. वापर मात्र बंद नव्हता, त्यामुळें हद्दीवर कोणी कोणाला अडवीत नसे. २००९ सालीं वर्तमानपत्रांनीं ही हकीकत छापली तेव्हां देशभर चार घटका करमणूक झाली.

हंसण्यासारखा भाग इतकाच. ज्या द्रव्यामुळें कांचेचे पेले यंत्रांतून लख्ख निघत, तेंच द्रव्य शहराखालच्या नदीचें पाणी बिघडवीत होतें. नवलाची गोष्ट अशी, कीं हें कळून तेव्हां जवळजवळ चाळीस वर्षें होत आलीं होतीं. कपडे धुण्याच्या पुडींतून तें द्रव्य केव्हांच हद्दपार झालेलें होतें. भांड्यांच्या पुडीला मात्र कायद्यानें एवढा काळ सवलत दिली होती. ही सवलत कां मिळाली, आणि मिळाल्यावर इतकीं वर्षें कशी टिकली, याचा इतिहास स्वयंपाकघरापासून सुरू होतो.

महाराष्ट्रांतील घरांत पिढ्यान् पिढ्या भांडीं घांसलीं गेलीं तीं चुलींतल्या राखेनें आणि नारळाच्या काथ्यानें. पितळेला चिंच लागे, कपड्यांना रिठा लागे. या सर्व प्रकारांत मुख्य साधन एकच असे, आणि तें म्हणजे घांसणाऱ्याचा, बहुधा घांसणारणीचा, हात. राख कमी पडली तर हात अधिक जोर करी. यंत्राला हात नसतो. त्यांत ताटें उभीं करून ठेवावयाचीं आणि त्यांवर कढत पाण्याचे फवारे सोडावयाचे, एवढाच त्याचा व्यापार. त्यांतहि फेस चालत नाहीं, कारण फेस झाला कीं फवाऱ्याचा जोर मंदावतो. म्हणून ज्याला आपण साबण म्हणून ओळखतों तो पदार्थ या पुडींत नाममात्रच घालावा लागतो. मग हाताचें काम करावयाचें कोणी? तें काम रसायनाच्या माथीं आलें.

यंत्राची जन्मकथा मोठी मनोरंजक आहे. इलिनॉय राज्यांतील शेल्बीव्हिल या गांवीं जोसेफिन कॉक्रेन नांवाची एक श्रीमंत घरची बाई राहत असे. तिच्या जुन्या चिनी मातीच्या बशांचे कांठ मोलकरणींच्या हातून उडत, आणि त्यामुळें चिडून तिनें यंत्राची कल्पना काढली असें सांगतात. १८८३ सालीं नवरा वारला, मागें कर्ज राहिलें, आणि जें हौसेचें होतें तें गरजेचें झालें. तारांचे खण, तांब्याचें पातेलें आणि पाण्याचा फवारा अशी रचना करून तिनें २८ डिसेंबर १८८६ रोजीं पेटंट मिळविलें. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनांत तिचीं यंत्रें मांडलीं गेलीं. परंतु गिऱ्हाईक मिळालें तें हॉटेलांचें. साध्या घरांत यंत्राला पुरेल इतकें कढत पाणी नसे, आणि जेथें जड पाणी असे तेथें धुतलेल्या पेल्यांवर पांढरे डाग पडत. घरगुती यंत्राचा खरा प्रसार दुसऱ्या महायुद्धानंतरचा आहे.

या पांढऱ्या डागांतच सगळी मेख होती. जमिनींतून झिरपून आलेल्या पाण्यांत चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. साबणाशीं त्यांची गांठ पडली कीं चिकट साका होतो, आणि भांडें वाळलें कीं त्याच क्षारांचा थर कांचेवर उरतो. हे क्षार पकडून पाण्यांतच धरून ठेवील असा एकादा पदार्थ मिळाला तर प्रश्न सुटला. असा पदार्थ फॉस्फेटच्या कुळांत सांपडला. पिट्सबर्ग येथें बाष्पयंत्रांच्या टाक्यांत पाण्याचें कीट धरूं नये म्हणून प्रयोग चालले होते, त्यांतून १९३३ सालीं ‘कॅल्गॉन’ नांवाचें फॉस्फेट बाजारांत आलें. ‘कॅल्शियम गेलें’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द जोडून तें नांव केलेलें आहे. १९४६ सालीं प्रॉक्टर अँड गँबल या कंपनीनें ‘टाइड’ ही कपडे धुण्याची पूड काढली, तिच्यांत सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेटचा मोठा हिस्सा होता. भांड्यांच्या पुडीनेंहि लवकरच तीच वाट धरली.

ट्रायपॉलिफॉस्फेट हें खरोखर गुणी द्रव्य आहे, हें मान्य केलेंच पाहिजे. तें चुना पकडतें, सुटलेला मळ पुन्हां भांड्यावर बसूं देत नाहीं, पाण्याचा क्षारपणा एका पातळीवर ठेवतें. तें स्वस्त आहे, आणि माणसाच्या देहाला त्याचें वावडें नाहीं. फॉस्फेटच्या कित्येक जाती खाद्यपदार्थांतहि घालतात. यंत्राला नसलेला हात या एका द्रव्यानें पुरविला. त्याच्यावर पुढें जो आरोप आला तो विषाचा नव्हता, पोषणाचा होता. आणि लोकांच्या गळीं उतरण्यास इतका वेळ लागला तो बहुतेक याचमुळें. विष म्हटलें कीं माणूस सावध होतो. खत म्हटलें कीं त्याला बरेंच वाटतें.

फॉस्फरस या मूलद्रव्याचा शोधहि अशाच एका घरगुती, किंबहुना अमंगळ, वस्तूपासून लागला. १६६९ सालीं हँबुर्ग येथील हेनिग ब्रँड नांवाच्या किमयागारानें सोनें मिळेल या आशेनें मानवी मूत्र आटविलें, आणि त्याला अंधारांत चमकणारा एक पदार्थ मिळाला. ग्रीक भाषेंतील ‘प्रकाशवाहक’ या अर्थाच्या शब्दावरून त्याचें नांव पडलें. आपल्या शेतकीच्या पुस्तकांत त्यालाच स्फुरद म्हणतात. प्रत्येक माणसाच्या देहांतून तो रोज थोडाथोडा बाहेर पडतो, म्हणून शहराच्या मैलापाण्यांत तो असावयाचाच. एकोणिसाव्या शतकांत जर्मनींत कार्ल स्प्रेंगेल यानें आधीं मांडलेला आणि १८४० नंतर लीबिग यानें गाजविलेला एक नियम आहे: पिकाची वाढ ठरते ती मुबलक असलेल्या द्रव्यांवरून नव्हे, जें सर्वांत तुटपुंजें आहे त्यावरून. पिंपाची एक फळी आंखूड असली कीं बाकीच्या कितीहि उंच असोत, पाणी तेवढ्यावरच राहतें.

गोड्या पाण्याच्या सरोवरांत ही आंखूड फळी बहुधा फॉस्फरसची असते. कर्ब आणि नत्र हवेंतून येऊं शकतात. फॉस्फरसला हवेची वाट नाहीं; तो खडकांत आणि मातींत चिकटून बसतो आणि पाण्यांत अगदीं थोडा उतरतो. म्हणून डोंगराळ सरोवराचें पाणी आरशासारखें स्वच्छ दिसतें. त्यांत एक पौंड फॉस्फरस पडला, आणि बाकीचीं द्रव्यें असलीं, तर सुमारें पांचशें पौंड ओलें शेवाळ त्यावर पोसलें जातें. हें शेवाळ जिवंत आहे तोंवर पाणी हिरवें दिसतें एवढेंच. तें मरून तळाशीं गेलें कीं तें कुजविणारे जंतु पाण्यांतील प्राणवायु खाऊन टाकतात, आणि तळचे जीव गुदमरतात. यापुढची पायरी तर अधिक वाईट. तळाचा प्राणवायु संपला, कीं गाळांत बांधला गेलेला जुना फॉस्फरस पुन्हां सुटून वर येतो. म्हणजे सरोवर स्वतःच स्वतःला खत घालूं लागतें. उन्हाळ्यांत उजनीच्या जलाशयाचें हिरवें पाणी ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना या दृश्याचें वर्णन करून सांगावयास नको. तेथील कारणें अनेक आहेत, पण क्रिया हीच.

अमेरिका आणि कॅनडा यांच्या मध्यें ईरी नांवाचें सरोवर आहे. पंचमहासरोवरांत तें सर्वांत उथळ: सरासरी खोली सुमारें ६२ फूट, आणि त्याच्या पश्चिम भागाची तर अवघी २४ फुटांच्या आसपास. डेट्रॉइट, टोलेडो, क्लीव्हलंड, बफेलो अशीं कारखान्यांचीं शहरें त्याच्या आसऱ्याला आहेत. या सरोवराच्या चिखलांत एका पंखवाल्या किड्याच्या अळ्या राहत. उन्हाळ्यांत त्यांतून पाखरें निघून ढगांसारखीं कांठावर येत, एक-दोन दिवस जगत आणि मरत. रस्त्यांवर त्यांचे थर सांचत, लोकांना त्यांचा उपद्रव होई. १९५३ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस हवा कांहीं दिवस अगदीं निवांत राहिली, पश्चिम भागाच्या तळाचा प्राणवायु संपला, आणि त्या अळ्यांचा संहार झाला. पुढें कित्येक वर्षें तीं पाखरें जवळजवळ दिसलींच नाहींत. रस्ते स्वच्छ राहिले म्हणून कोणाला बरेंहि वाटलें असेल. सरोवराच्या दृष्टीनें तो पहिला मोठा इशारा होता.

१९६० नंतरच्या दशकांत हिरव्या तंतूंच्या लगद्याचे ढीग किनाऱ्यावर कुजूं लागले, आणि ‘ईरी सरोवर मेलें’ असें वर्तमानपत्रें लिहूं लागलीं. सरोवर मेलें नव्हतें. तें अति जिवंत झालें होतें. २२ जून १९६९ रोजीं क्लीव्हलंड येथें कुयाहोगा नदीवरच्या तेलकट कचऱ्यानें पेट घेतला. ही नदी ईरी सरोवरास मिळते, म्हणून पुष्कळ लेखांत ती आग आणि हें शेवाळ एकाच दमांत सांगितलें जातें. पण त्या आगीशीं फॉस्फेटचा कांहीं संबंध नव्हता. एवढें मात्र खरें, कीं त्या आगीनें लोकांचे डोळे पाण्याकडे वळले. दोन्ही देशांच्या संयुक्त आयोगाच्या तज्ज्ञांनीं तेव्हां हिशेब मांडला. ईरीच्या कांठावरील शहरांच्या मैलापाण्यांत जो फॉस्फरस होता त्यांतील निम्मा किंवा त्याहूनहि अधिक धुलाईच्या पुडींतून आलेला होता. माणसाच्या देहांतून येणारा फॉस्फरस बंद करणें शक्य नव्हतें. पुडींतला शक्य होता.

येथून वादाला तोंड फुटलें. अमेरिकेच्या प्रतिनिधिसभेंत विस्कॉन्सिनचे सभासद हेन्री रॉइस यांनीं चौकशी चालविली. साबणवाल्या कंपन्यांच्या बाजूनें असें मांडण्यांत आलें, कीं शेवाळाची वाढ कर्बावर अवलंबून आहे, फॉस्फरसवर नव्हे. तेव्हां पुडीला दोष देण्यांत अर्थ नाहीं. हा आक्षेप केवळ स्वार्थाचा होता असें म्हणून सोडून देणें सोपें आहे, पण न्याय्य नाहीं. प्रयोगशाळेंत बाटलींत सरोवराचें पाणी घेऊन त्यांत कर्ब घातला तर शेवाळ खरोखरच वाढे. खोट होती ती बाटलींत. बंद बाटलीला आभाळ नसतें. खऱ्या सरोवरावर वाऱ्याचा संचार असतो, आणि कर्ब कमी पडला तर तो हवेंतून खेंचून घेण्यास सरोवराला आठवडे, महिने मिळतात. म्हणजे उत्तर हवें तर बाटली टाकून सरोवरच घ्यावयास हवें होतें.

तसें सरोवर कॅनडानें दिलें. ऑन्टॅरिओ प्रांताच्या वायव्येस, वस्तीपासून दूर, जंगलांतील सुमारें पन्नास लहान सरोवरें १९६८ सालीं प्रयोगांसाठीं राखून ठेवण्यांत आलीं. तेथील कामाची धुरा डेव्हिड शिंडलर या तरुण शास्त्रज्ञाकडे आली. सरोवरांना नांवें नव्हतीं, क्रमांक होते. २२७ क्रमांकाच्या सरोवराच्या पाण्यांत कर्ब अतिशय कमी होता. कर्बाची उणीव वाढ रोखते हें खरें असेल तर तें येथें दिसावयास हवें होतें. १९६९ पासून त्यांत नत्र आणि फॉस्फरस घातले, कर्ब मुळींच घातला नाहीं. तें कांहीं आठवड्यांतच हिरवें झालें. लागणारा कर्ब त्यानें हवेंतून ओढून घेतला.

पुढचा प्रयोग अधिक प्रसिद्ध झाला, कारण तो नुसत्या डोळ्यांना दिसला. २२६ क्रमांकाचें सरोवर मध्यें निमुळतें, डमरूसारखें आहे. १९७३ सालीं त्या निमुळत्या जागीं तळापर्यंत एक मजबूत पडदा बांधून त्याचे दोन भाग केले. एका भागांत कर्ब आणि नत्र घातले. दुसऱ्यांत कर्ब, नत्र आणि फॉस्फरस. उन्हाळ्याच्या अखेरीस विमानांतून छायाचित्र घेतलें तेव्हां पडद्याच्या एका बाजूस काळें निवळ पाणी दिसत होतें आणि दुसऱ्या बाजूस गर्द हिरवें. पाऊस एकच, ऊन एकच, पाणी एकच. फरक एका द्रव्याचा. १९७४ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत हा निकाल प्रसिद्ध झाला. शास्त्रज्ञांनीं पुस्तकें भरून आंकडे दिले असते तरी कायदेमंडळांतील सभासदांवर जो परिणाम झाला नसता तो या एका चित्रानें झाला.

तथापि कायदे या चित्राची वाट पाहत बसले नव्हते. कॅनडानें १९७० सालींच कपडे धुण्याच्या पुडींतील फॉस्फरस शेंकडा ८.७ वर आणला आणि १९७३ मध्यें शेंकडा २.२ वर. १५ एप्रिल १९७२ रोजीं ओटावा येथें निक्सन आणि त्रूदो यांनीं पंचमहासरोवरांच्या पाण्याविषयीं करारावर सह्या केल्या. अमेरिकेंतील इंडियाना, न्यूयॉर्क अशीं राज्यें एकामागून एक बंदी घालूं लागलीं. पण वाट सरळ नव्हती. फॉस्फेटच्या जागीं एन.टी.ए. नांवाचें जें द्रव्य येणार होतें, तें जनावरांवरील प्रयोगांत धोक्याचें दिसल्यावरून डिसेंबर १९७० मध्यें अमेरिकेंत मागें घेण्यांत आलें. मग कंपन्यांनीं दाहक सोडा आणि सिलिकेट यांच्या पुडी काढल्या. लहान मुलांच्या तोंडांत वा डोळ्यांत त्या गेल्या तर इजा व्हावयाची. तेव्हां १५ सप्टेंबर १९७१ रोजीं अमेरिकेचे सर्जन-जनरल जेसी स्टाइनफेल्ड यांनींच गृहिणींना सल्ला दिला, कीं फॉस्फेटची पूड वापरा, ती सर्वांत निर्धोक आहे! सरकारचा एक हात सरोवर वांचविण्यासाठीं फॉस्फेट दूर करीत होता, दुसरा मूल वांचविण्यासाठीं तेंच जवळ ओढीत होता. आणि दोन्हींत कांहीं ना कांहीं तथ्य होतें. ज्या गृहिणीनें वर्तमानपत्र वाचून पुडा बदलला असेल तिनें त्या दिवशीं काय केलें असेल याची कल्पना करावी.

भांड्यांच्या पुडीला सवलत मिळाली ती याच गोंधळाच्या दिवसांत. कपड्यांच्या बाबतींत फॉस्फेटशिवाय कसेंबसें भागत होतें, कारण तेथें साबणद्रव्याचा जोर असतो. भांड्यांच्या यंत्रांत साबणद्रव्य जवळजवळ नाहीं. फॉस्फेट काढलें तर उरावयाचा दाहक क्षार, आणि पेल्यांवर पांढरी पुटें. शिवाय तेव्हां यंत्रें थोड्या घरांत होतीं. एवढ्याशा पुडीनें सरोवराचें काय बिघडणार, असा विचार केला गेला, आणि त्या वेळच्या हिशेबानें तो चुकीचा नव्हता. बहुतेक राज्यांनीं कपड्यांच्या पुडीला शेंकडा अर्ध्याची मर्यादा घातली आणि भांड्यांच्या पुडीला शेंकडा ८.७ फॉस्फरस ठेवण्यास मुभा दिली. पुडीचा सुमारें तिसरा हिस्सा ट्रायपॉलिफॉस्फेट असेल तेव्हां हा आंकडा भरतो. कॅनडानें १९७० मध्यें कपड्यांच्या पुडीला तात्पुरती म्हणून जी मर्यादा घातली होती, तीच नेमकी येथें कायमची होऊन बसली.

पुढें काळ बदलला, आंकडा बदलला नाहीं. स्वित्झर्लंडनें १९८६ सालीं कपड्यांच्या पुडींतून फॉस्फेट पूर्ण काढलें. अमेरिकेंतहि १९९४ पर्यंत तें घरगुती धुलाईंतून गेलें. इकडे भांडीं धुण्याचीं यंत्रें वाढत गेलीं, आणि एकविसावें शतक उजाडेपर्यंत अमेरिकेंतील निम्म्याहून अधिक घरांत तीं पोंचलीं. जो अपवाद नगण्य म्हणून केला होता तो आतां शहरी मैलापाण्यांतील फॉस्फरसच्या एक दशांशाच्या आसपास भरूं लागला. दहावा हिस्सा म्हणजे फार नव्हे, असें कोणी म्हणेल. परंतु मैलापाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांत शेवटचा थोडासा फॉस्फरस काढण्यासच सर्वांत अधिक खर्च येतो. तो मुळांतच आला नाहीं तर तेवढा भार हलका होतो.

हा हिशेब सर्वांत आधीं ज्यांच्या अंगाशीं आला त्यांत स्पोकेनचे लोक होते. स्पोकेन नदी शहरांतून वाहत जाऊन खालीं एका जुन्या धरणाच्या फुगवट्यांत शिरते. १९१५ सालीं बांधलेल्या या धरणानें धांवत्या नदीचें संथ सरोवर केलें आहे, आणि संथ पाणी शेवाळाला मानवतें. १९७० नंतरच्या दशकांत तेथें विषारी शेवाळ उठलें, म्हणून शहरानें मैलापाण्यांतून फॉस्फरस काढण्याची सोय केली. तरीहि पुरें पडेना. नदींत आणखी फॉस्फरस सोडण्यास जागाच उरली नाहीं, आणि वाढत्या शहराला तर सांडपाणी सोडल्यावांचून गत्यंतर नाहीं. तेव्हां २००६ मध्यें राज्यानें कायदा केला: भांड्यांच्या पुडींतहि फॉस्फरस शेंकडा अर्ध्याहून अधिक नको. स्पोकेनला तो १ जुलै २००८ पासून लागू झाला, साऱ्या राज्याला दोन वर्षांनीं.

लोकांनीं तक्रार केली ती खोटी नव्हती, हें येथें सांगितलें पाहिजे. स्पोकेनचें पिण्याचें पाणी भूगर्भांतून येतें आणि तें जड आहे. म्हणजे फॉस्फेटची गरज जेथें विशेष, तेथेंच पहिली बंदी आली. त्या वेळीं मिळणाऱ्या नव्या पुडी कच्च्या होत्या. ताटांवर चिकटा राही, पेल्यांवर धुरकट पूट बसे. कित्येक लोक ताटें आधीं हातानें घांसून मग यंत्रांत ठेवूं लागले, कित्येकांनीं यंत्र दोनदां चालविलें. त्यांत पाणी आणि वीज गेली ती वेगळीच. ज्यांना हेंहि पटेना त्यांनीं आयडाहोचा रस्ता धरला. नदी राखावी हें त्यांतील बहुतेकांना मान्य असेलच. पण नदी दूर असते आणि पेला समोर असतो.

पुढें घडलें तें अपेक्षेहून लवकर घडलें. एका परगण्यासाठीं कोणती कंपनी वेगळी पूड शोधीत बसणार? पण १ जुलै २०१० रोजीं डझनाहून अधिक राज्यांचे असेच कायदे एकदम अमलांत आले, कॅनडानेंहि त्याच दिवसापासून भांड्यांच्या पुडीला तीच मर्यादा घातली, आणि उत्पादकांनीं सगळ्याच बाजारासाठीं घडण बदलली. हद्दीपलीकडच्या दुकानांतहि जुनी पूड मिळेनाशी झाली, आणि तो चमत्कारिक प्रवास आपोआप थांबला. आरंभीं देशभर तक्रारींचा पाऊस पडला. मग सायट्रेट, कार्बोनेट, अमिनो आम्लांपासून केलेले क्षार पकडणारे नवे पदार्थ, पिठूळ आणि प्रथिनयुक्त खरकटें तोडणारीं पाचकद्रव्यें यांची सांगड हळूहळू नीट बसली. युरोपीय संघानें १ जानेवारी २०१७ पासून एका धुण्यास ०.३ ग्रॅमहून अधिक फॉस्फरस नको असा नियम केला. अमेरिकेंतील त्या वेळच्या कायद्यांतून हॉटेलें आणि खाणावळी यांची यंत्रें मात्र सामान्यतः वगळलेलीं होतीं. कॉक्रेनबाईचें पहिलें गिऱ्हाईकच अखेरपर्यंत सवलतींत राहिलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

इतकी यातायात करून सरोवरांना काय मिळालें? ईरी सरोवराबाबत १९७८ सालीं दोन्ही देशांनीं वर्षाला ११,००० टन फॉस्फरस अशी मर्यादा ठरविली होती. १९८० नंतरच्या दशकांत ती गांठली गेली. त्याचें मोठें श्रेय मैलापाण्याच्या केंद्रांना आणि कपड्यांच्या पुडींतील बदलाला आहे; भांड्यांच्या पुडीची पाळी येण्यापूर्वींच तें घडलें. १९९० नंतर पश्चिम भागांत तीं हरवलेलीं पाखरें पुन्हां दिसूं लागलीं, आणि पुढें त्यांचे थवे एवढे वाढले कीं हवामानखात्याच्या रडारवर ते ढगासारखे उमटत. रस्ते पुन्हां घाण झाले, आणि सरोवराकडे पाहणाऱ्यांना त्याचा आनंद झाला.

तो आनंद पुरता टिकला नाहीं. २०११ सालीं ईरीवर तोंपर्यंतच्या नोंदींतील सर्वांत मोठें शेवाळ उठलें. २ ऑगस्ट २०१४ रोजीं टोलेडो शहराच्या नळांत शेवाळाचें विष आढळलें, आणि सुमारें पांच लक्ष लोकांना तें पाणी पिऊं नका असें सांगावें लागलें. उकळून पिण्याचा नेहमींचा उपायहि चालणार नव्हता, कारण उकळल्यानें पाणी आटतें, विष तितकेंच राहतें आणि अधिक दाट होतें. या वेळीं फॉस्फरस आला तो बव्हंशीं मॉमी नदीच्या खोऱ्यांतील मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांतून. स्वयंपाकघरावर कायदा करणें सोपें असतें. पूड कारखान्यांत बनते, आणि कारखाने मोजके असतात. खत हजारों शेतांतून पावसाबरोबर येतें. म्हणून पुडीविरुद्धचा लढा व्यर्थ होता असें कांहीं टीकाकार म्हणतात. स्पोकेनसारख्या नदीला तें लागू नाहीं, कारण तेथें शहराचें सांडपाणीच मुख्य भार होता. ईरीला तें पुष्कळ अंशीं लागू आहे. एका सरोवराचें उत्तर दुसऱ्याला जसेंच्या तसें लावूं नये, हें शिंडलरच्या सरोवरांना नुसते क्रमांकच होते तरी तेथें काम करणाऱ्यांना चांगलें ठाऊक होतें.

त्या जंगलांतील प्रयोग अद्याप संपलेले नाहींत. २०१२ मध्यें कॅनडाच्या सरकारनें तेथील खर्च बंद करण्याचें ठरविलें, तेव्हां शास्त्रज्ञांनीं गिल्ला केला आणि २०१४ सालीं तें क्षेत्र एका स्वतंत्र संस्थेच्या स्वाधीन झालें. २२७ क्रमांकाच्या सरोवरांत १९९० पासून नत्र घालणें थांबविलें, फॉस्फरस तेवढा चालू ठेवला. नत्राची उणीव शेवाळानेंच हवेंतून भरून काढली. अर्धशतकाहून अधिक काळ दर उन्हाळ्यांत नांवेंतून जाऊन त्यांत मोजून फॉस्फरस ओतण्यांत आला, आणि दर उन्हाळ्यांत तें हिरवें होत गेलें.